आरतीआधी संपलेलं कीर्तन

बाळारामबुवा कीर्तनकार म्हणजे माझे मामा. ते गेले, आणि त्यांच्या गोड गळ्याची एकच निशाणी उरली: काल्हेरच्या सप्ताहातल्या कीर्तनाची व्हिडिओ कॅसेट. तिला बुरशी धरली. ठकुबाई मामींचा दिवस त्या आवाजाशिवाय उगवत नसे. म्हणून कॅसेट उतरवून घ्यायला मी भिवंडीत फखरुद्दीनभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात हार्ड डिस्क बघायला गेले.

"मोठी घ्या, ताई. व्हिडिओ लय जागा खातो."

"मोठीची ऐपत न्हाय, भाई."

"मग ही वापरलेली. चालते मस्त, पण शेवट मावणार न्हाय. दाबून बसवला तर बुवांचा चेहरा फाटेल."

"शेवटाला नुसती आरती हाय. ती आम्हाला पाठ हाय, कापा."

डिस्क काठोकाठ भरली, आणि कॅसेट तिथंच तुटली.

घरी डिस्क टीव्हीला जोडली, मामींनी डोळे भरून पाहिलं. अभंग संपला, बुवांनी हात जोडले, चित्र थांबलं. दुसऱ्या दिवशी हात जोडून ते जरा वेळ उभे राहिले. मग रोज थोडं जास्त. मी घाबरून दुकानात फोन लावला.

"ताई, त्यात वाढायला जागाच कुठंय?" फखरुद्दीनभाई हसले.

पण वाढत होतं. मागचे टाळकरी टाळ धरून पुतळ्यासारखे. बुवा मात्र या पायावरचा भार त्या पायावर घेत होते.

आरती झाल्याशिवाय बुवांनी गादी सोडायची नसते. एवढी कीर्तनं ऐकली मी, आणि दुकानात हे सुचलं नाही!

"मामी, म्हणूया का आरती?"

"मग जातील ना गो ते." मामींनी पदर तोंडाला लावला. "राहू दे. दिसतान तरी."

एका दुपारी बुवांनी मान वर करून थेट मामींकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. तेवढ्यात लाईट गेली. शेजारचे कापडाचे लूम बंद पडले, पंखा थांबला. पडदा तसाच उजळ.

"त्यांचं गुडघं दुखतान गो," मामी म्हणाल्या आणि कापूर घ्यायला उठल्या.

आम्ही दोघींनी आरती धरली. दुसऱ्या ओळीला बुवांच्या मागून टाळ वाजले. आरती संपली तशी बुवांनी स्वतःच गळ्यातला हार काढला, गादीला नमस्कार केला आणि चालत चित्राबाहेर गेले.

आता लावलं की नुसती सतरंजी दिसते. मामी तरी रोज लावायला सांगतात. बघता बघता दाराकडे वळून हळूच म्हणतात, "सावकास जा हां."