दार उघडणारा डफी

मी डफी बोलतोय. वोर्केनेशच्या रक्तातल्या तांबड्या पेशीवर बसलेलं एक प्रथिन. नाव सांगतानाही मान खाली जाते.

माझं काम तसं इमानाचं. कुठं जखम झाली की शरीर पांढऱ्या पेशींना हाका मारतं. त्यातल्या जास्तीच्या हाका मी धरून ठेवतो, उगाच बोंबाबोंब नको. पण एक खोड जन्माची. हिवतापाच्या एका जातीचा जंतू आला, की मी त्याला हाताला धरून पेशीत घेतो.

शेजारची अजाबो गुमुझ जमातीची. तिच्या तांबड्या पेशींवर मी नाहीच, म्हणून हा ताप तिला सहसा शिवत नाही. माझ्यावाचून ती सुखात आहे, हे बघून लाज वाटते.

म्हाताऱ्या पेशींनी सांगितलं ते असं. तीळ कापताना वोर्केनेशला ताप भरला. दवाखान्यानं चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, जेवून घ्यायच्या. तीन दिवसांत ताप उतरला आणि पाचव्या दिवशी नाताळाआधीचा चाळीसेक दिवसांचा मोठा उपास लागला. दुपार टळेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही.

"अगं, दुपारी जेवल्यावर घे की गोळी," अजाबो म्हणाली.

"उपासात औषध कसलं? देवाला काय तोंड दाखवू? आणि ताप गेलाय कधीच."

गोळ्या कॉफीच्या सुरईमागे गेल्या.

उरलेल्या गोळ्यांनी मरायचे ते यकृतात झोपलेले जंतू महिन्याभरानं, उपास चालू असतानाच, उठले. मी तेव्हा हाडांच्या मगजातून नुकताच आलो होतो. एक जंतू माझ्यापाशी आला. ओळख ना पाळख, मी दार उघडलं. असं आम्ही किती जणांनी उघडलं, विचारू नका. वोर्केनेश चार गोधड्यांखाली थडथडत पडली. तिला पाण्याचा डबाही उचलेना.

अजाबो पाद्री आबांनाच घेऊन आली.

"आजाऱ्याला उपास कोणी सांगितला गं?" आबा डाफरले. "देव काय तुझा वैरी आहे? खा आधी!"

वोर्केनेशनं शरमेनं तोंड फिरवलं. अजाबोनं इंजेराचा, त्या आंबट मऊ भाकरीचा, घास आमटीत बुडवून तिच्या ओठांशी धरला. "कर आ. सकाळच आहे, असू दे." तिनं रडत खाल्लं. मग दवाखान्यातून नव्यानं आणलेली पहिली गोळी घेतली.

माझी पेशी आता आतून पोखरलीय, खराब पेशी गाळणारी प्लीहा तिला गिळेल. मी चाललो. पण वोर्केनेश, उद्या मगजातून नवा डफी येईल, तोही असंच दार उघडेल. त्याला शरम शिकवायला माझ्याकडे वेळ नाही. तू मात्र चौदाच्या चौदा घे.