तांडेलाला बोट कशी लागेल?

"मॅडम, डोक्यात प्रेशर वाढलं तर कवटी फुटते का?" माझ्या मैत्रिणीने, उन्नतीने पैज लावली, म्हणून मी शाळेत आलेल्या डॉक्टरांना बिनधास्त विचारलं. सगळा वर्ग खिदळला. डॉक्टर मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "कवटी फुटत नाही, मेंदू दाबला जातो. सकाळी डोकं ठणकतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात. मग थेट हॉस्पिटल!"

माझं हसूच गेलं. माझे बाबा मासेमारी बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. मागच्या आठवड्यात त्यांच्या डोक्यावर बांबू आदळला, तेव्हापासून ते रोज पहाटे ओकत होते. खलाशी चिडवायचे, "तांडेलालाच बोट लागली रे!"

मी धावत घरी आले. बाबा बोंबील वाळत घालत होते. त्यांनी दोरीशेजारी हवेतच बोंबील अडकवला आणि तो वाळूत पडला.

"बाबा, दोऱ्या किती हायत?"

"दोन! तुला दिसत नाय?"

दोरी एकच होती.

आई म्हणाली, "झोपू दे त्यांना. उद्या बोटीवर जायचंय."

"उद्या बोट नाय!" मी म्हणाले. "आई, त्यांना सपाट झोपवू नको, डोकं उंच ठेव. मी गाडी बोलावते. आपण आत्ताच पालघरच्या हॉस्पिटलात जातोय."