सोंगातला पाहुणा आणि खरा हत्ती

मुनोदावाफाला पहाटे पाचपासून एक बटणांचा व्यापारी छळत होता. व्यापारी खोटा होता, छळ खरा होता.

झांबेझीकाठच्या त्या राखीव जंगलात वाटाड्याचा परवाना हवा असेल, तर आधी सात दिवस स्वतःचा तळ ठोकून दाखवावा लागतो. तंबू, पांढऱ्या चादरी, तीन वेळचं गरम जेवण, आणि जनावरं बघायला पायी भटकंती. परीक्षकच पाहुण्यांचं सोंग घेऊन येतात आणि होईल तितका त्रास देतात. बटणांचा व्यापारी झालेले मुख्य परीक्षक चिद्यामातांबा म्हणजे जंगलात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले गृहस्थ. दुसऱ्या परीक्षक म्हलांगा बाई त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत होत्या, पण या संसारात त्यांनी फारसं लक्ष घातलं नव्हतं. त्या गुडघ्यावर वही ठेवून गुण मांडत.

मुनोदावाफाचा हा तिसरा प्रयत्न, आणि आज त्यातला सातवा, शेवटचा दिवस. चौथा मिळत नाही. तिसऱ्यांदा नापास झालेल्याने जन्मभर दुसऱ्याच्या तळावर पाहुण्यांच्या आंघोळीचा बंब पेटवायचा. बंब तो अकरा वर्षं पेटवतच होता, आणि त्यात आता त्याला शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हे अंडं," व्यापारी म्हणाले, "चार मिनिटं उकडलंय. मी पावणेचार सांगितलं होतं."

"दुसरं आणतो, साहेब."

"आणि रात्री बाहेर कोण घोरत होतं?"

"पाणघोडा, साहेब."

"माणसाळलेला आहे का?"

"नाही, साहेब. पण तुमच्याबद्दल तो हेच विचारत असेल."

म्हलांगा बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, ते त्यांच्या तोंडावरून कळत नसे.

चुलीपाशी हामुंदिदी खदखदून हसला. हा तळाचा आचारी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो मुनोदावाफाचा साहविरा होता. दोन घराण्यांची चार पिढ्यांची मैत्री असली की एकमेकांना साहविरा म्हणतात. साहविरा चारचौघांत तुमची अब्रू काढू शकतो, तुमची टोपी पळवू शकतो, तुमचा बाप गेला तर मयताच्या घरी बापाच्या चालीची नक्कलही करू शकतो. त्याच्यावर रागवायचं नसतं. रागावलात तर गाव तुम्हालाच हसतं. असा माणूस परीक्षेला आचारी म्हणून आणणं शहाणपणाचं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला आणलं असतं, तर चार पिढ्यांचा अपमान झाला असता.

"सामान्यांगा!" हामुंदिदी ओरडला. मुनोदावाफाच्या कुळाचं देवक हत्ती, आणि मान द्यायचा तर माणसाला देवकाच्याच नावाने हाक मारतात. हामुंदिदीच्या तोंडून मात्र तो मान शिवीसारखा ऐकू येई. "अंडी उकडायला मी आहे की. तू सिंह-बिबटे दाखव त्यांना. नाहीतर आरसा दाखव, एक माकड तरी दिसेल!"

चिद्यामातांबांचं देवक माकड, म्हणजे सोको, होतं. ते ऐकूनही बटणांच्या व्यापाऱ्याने काहीच ऐकलं नाही, कारण व्यापाऱ्याला शोना भाषा येत नव्हती.

रोज निघताना मुनोदावाफा रायफल उघडून आत काडतुसं आहेत ना ते बघत असे. हात आपोआप खटक्याकडे जाई. आजही गेला. पण नेमकं तेव्हाच व्यापाऱ्यांना आपला डावा बूट उजव्याहून घट्ट का वाटतो, याचा खुलासा हवा होता. मुनोदावाफा गुडघ्यावर बसला, नाडी सैल केली, मोजा सरळ केला, उठला, रायफल खांद्याला अडकवली आणि चालू लागला.

सकाळ छान गेली. कुडू हरणांचा कळप दाखवला. वाळूत बिबट्याचा माग दाखवला, मादीचा, मध्यरात्रीनंतरचा. रानकुत्र्यांची टोळी झाडाखाली झोपलेली होती, तिच्यापासून सत्तर पावलांवर त्याने दोघांना अर्धा तास असं बसवलं की एकाही कुत्र्याने कान हलवला नाही. चिद्यामातांबा दोन वेळा सोंग विसरून "वा" म्हणाले आणि लगेच किती कुत्री विकत मिळतील असं विचारू लागले.

परतताना वाऱ्याने दिशा बदलली.

ओढ्याच्या वळणावर दाट झुडपं होती. त्यांतून आधी फांदी मोडल्याचा आवाज आला, मग काहीच आला नाही. हे दुसरं अधिक वाईट. मुनोदावाफाने हात वर केला. "माझ्या मागे. हलू नका," तो म्हणाला, आणि झुडपं फाडून हत्ती बाहेर आला.

एकटा नर, कान पसरलेले. थांबून दम देणारा हत्ती डोकं वर ठेवतो. याने सोंड छातीशी मुडपली आणि डोकं खाली घातलं. तीस पावलं. मुनोदावाफा मोठ्याने ओरडला. हत्ती थांबला नाही. त्याने रायफल खांद्याला लावत खटका मागे ओढला, पुढे सारला, आणि त्या एका क्षणात त्याला आतल्या काडतुसाची पितळी चमक दिसायला हवी होती.

आत काळोख होता.

पुन्हा ओढला. काळोखच. पाचच्या पाच काडतुसं गेली होती. कमरेच्या पट्ट्यातलं एक काढून भरायला तीन सेकंद लागतात. हत्तीला दोन लागणार होते.

पुढे जे झालं ते त्याने ठरवून केलं नाही. त्याने रायफल खाली टाकली, गुडघे टेकले, आणि मोठ्या माणसांसमोर पुरुष वाजवतात तशी सपाट तळव्यांची टाळी वाजवली. संथ. तोंडातून बापाने शिकवलेली कुळाची स्तुती बाहेर पडू लागली. लग्नात म्हणतात, बारशाला म्हणतात, हत्तीला कुणी म्हणत नाही.

"नदी पिऊन वाट मोकळी करणाऱ्या, थोरल्या सुळ्यांच्या धन्या, आम्ही तुझेच..."

धूळ अंगावर आली. आवाज थांबला. त्याने डोळे उघडले, तर समोर दोन सुळे आणि त्यांच्यामध्ये एक करडी भिंत होती, सात पावलांवर. भिंत श्वास घेत होती. तो टाळ्या वाजवत राहिला, कारण थांबावं कसं तेच सुचत नव्हतं. हत्तीने कान फडकावले, पायाखालची माती उडवली, वळला आणि ओढ्यापलीकडे निघून गेला, जणू कुणीतरी त्याला चुकीच्या पत्त्यावर पाठवलं होतं.

मुनोदावाफाने पट्ट्यातली काडतुसं काढून रायफल भरली. मागे म्हलांगा बाई होत्या तिथेच उभ्या होत्या, हातातल्या पेन्सिलीचे दोन तुकडे झालेले.

"व्यापारी कुठे आहेत?" त्याने विचारलं.

बाईंनी वर बोट केलं. चिद्यामातांबा शेजारच्या चिंचेच्या झाडावर होते. बासष्ट वर्षांच्या माणसाला आणि तेही घट्ट बुटात तिथवर पोचणं शक्य नव्हतं, पण ते पोचले होते.

खाली उतरवल्यावर त्यांनी मुनोदावाफाचे दोन्ही हात धरले. आता ते शोनातच बोलत होते. "सामान्यांगा, तीस वर्षांत मी असं पाहिलं नाही. बंदूक खाली ठेवून! आपल्या देवकावर गोळी झाडायची नाही म्हणून! माझ्याकडून तू पास. बाई, लिहा."

बाई म्हणाल्या, "पेन्सिल मोडली आहे. तळावर लिहीन."

तळापर्यंतची वाट पाऊण तासाची होती. तेवढ्या वेळात मुनोदावाफाला काहीच बोलायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. परवाना हातभर अंतरावर होता. पण चालता चालता सारखं त्याला मागच्या दोन माणसांच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता, आणि आपण त्यांना रिकामी नळी घेऊन झुडपांत नेलं होतं हे काही केल्या डोक्यातून जात नव्हतं.

टेबल मांडलेलं होतं. हामुंदिदीने मक्याच्या पिठाचा वाफाळता साडझा आणि पालेभाजी वाढली, मुनोदावाफासमोर झाकलेली थाळी ठेवली आणि तोंड दाबून मागे उभा राहिला. झाकण काढलं. साडझ्याच्या गोळ्यात पाच काडतुसं रोवलेली होती, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांसारखी.

"सकाळी तोंड धूत होतास तेव्हा काढली!" हामुंदिदी फुटलाच. "म्हटलं, निघताना उघडून बघशील, साहेबांसमोर तोंड कसं होतं ते पाहू! आणि तू तसाच गेलास की रे! पार परत येईपर्यंत..."

तो तिथेच अडकला. कुणी हसत नव्हतं. त्याने तिघांच्या कपड्यांवरची धूळ पाहिली, व्यापाऱ्यांची फाटलेली विजार पाहिली.

"काय झालं?" त्याने हळूच विचारलं.

"हत्ती आला होता," मुनोदावाफा म्हणाला.

हामुंदिदी मटकन खाली बसला.

चिद्यामातांबा थाळीकडे बघत होते. "म्हणजे... तू बंदूक ठेवलीस ती..."

"रिकामी होती, सोको. याने चेष्टा केली, तो त्याचा हक्क आहे. आत बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही." त्याने थाळी टेबलाच्या मध्यभागी सरकवली. "भरलेली असती तर मी गोळी झाडली असती. देवक-बिवक काही आठवलं नसतं."

म्हलांगा बाईंनी नवी पेन्सिल काढली. "रायफलीला शून्य म्हणजे सगळ्यालाच शून्य," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी हळहळ ऐकू आली. त्यांनी वहीचं पान उलटलं, शून्य काढायला पेन्सिल टेकवली, आणि तशीच उचलली.

"सोको, इथे सही आहे."

"कसली?"

"'तळ सोडण्यापूर्वी परीक्षकाने रायफल उघडून पाहिली.' तुमची सही. आजची." त्यांनी आधीची पानं चाळली. "रोजची आहे. सगळ्या एकाच शाईत."

चिद्यामातांबांनी सातही सह्या पहिल्या संध्याकाळी चहा पिताना करून टाकल्या होत्या. त्यानंतर ते बटणांचे व्यापारी होते, आणि व्यापारी रायफली तपासत नाहीत. त्यांचा चेहरा झाडावर होता त्याहून पांढरा पडला. ती पाच काडतुसं ते एकटक बघत राहिले. मग त्यांनी वही ओढून घेतली, सही खोडली, एकेका पानावर उलटं जात सातही खोडल्या, आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, तपासली नाही.

"तपासणीशिवाय परीक्षा सुरू होत नाही," ते म्हणाले. "नियम बारा. बाई?"

"नियम बारा," बाई म्हणाल्या.

"मग मी पास की नापास?" मुनोदावाफाने विचारलं.

"काहीच नाही. तू परीक्षेला बसलाच नाहीस. तुझा तिसरा प्रयत्न अजून शिल्लक आहे. पुढच्या जूनमध्ये ये. मी नसेन, मला काढतील, आणि काढायलाच हवं."

"आणि हत्ती?" जमिनीवरून हामुंदिदीने विचारलं.

"कागदोपत्री," म्हलांगा बाई म्हणाल्या, "आज कुठलाही हत्ती आलेला नाही. कुणी झाडावर चढलेलं नाही."

मुनोदावाफाने साडझ्याचा घास मोडायला हात पुढे केला. मग तो थांबला, रायफल मांडीवर घेतली, उघडली आणि आतली काडतुसं मोजली. मगच त्याने पहिला घास मोडला.