मंगळवारची रांग

सोमवारी बाबा जिना उतरू लागत आणि मंगळवारी पुन्हा चढून जात, आणि दोन्ही वेळा लेक जिन्याच्या तळाशी उभी असे.

एरवी माणूस शहाणा. उभा जन्म दुसऱ्यांची डोकी भादरली, पण स्वतःचं शाबूत ठेवलं. साथ आली आणि त्यांच्या दम्याच्या धास्तीने लेकीने त्यांना वरच्या खोलीत बसवलं. ती स्वतः तपासणीच्या लॅबमध्ये, दिवसभर संशयित नमुन्यांत हात. घरात आजार आणलाच तर तीच आणणार! म्हणून अट घातली: शहरात रोजचे रुग्ण शंभराच्या आत आले की खाली यायचं.

खाली वाट बघत होती झिपरी, म्हणजे चार वर्षांची नात. हे नाव तिने कष्टाने कमावलं होतं. केस नाकापर्यंत आले, पण कात्री दिसली की पोर घर डोक्यावर घेई. "आजोबाच कापतील!" अंगणातून तिला खिडकीतले आजोबा छातीपर्यंतच दिसत, तेही झिपऱ्यांतून. एकदा तिने गंभीरपणे विचारलं, "आई, आजोबांना पाय आहेत ना अजून?"

लेक हसली खरी, पण मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

सोमवारी टीव्हीवर आकडा आला, ऐंशी. बाबा कात्रीला तेल घालून पायरीवर हजर. "उद्याचा बघू," म्हणून लेकीने त्यांना थोपवलं. मंगळवारी दोनशे! पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. बाबांनी कात्री पेटीत आपटली.

"हा आजार माझी टिंगल करतोय."

लेक जिन्याच्या तळाशी बसली. "बाबा, दुकानाला सुट्टी कधी असायची?"

"सोमवारी."

"आणि मंगळवारी?"

"ही रांग! बूड टेकायला सवड नाही."

"मग सोमवारी रात्रीत लोकांचे केस जास्त वाढायचे का?"

बाबा हसले, खोकला येईपर्यंत हसले.

"रविवारी आमची लॅब अर्धी बंद. म्हणून सोमवारी आकडा बारका, आणि राहिलेलं सगळं मंगळवारी. एका दिवसाला भुलू नका. सात दिवसांची बेरीज करा, साताने भागा. ते शंभराच्या आत आलं, की या."

झालं! बाबांना नवा नाद लागला. रोज संध्याकाळी खिडकीतून सरासरीची दवंडी. ती रडतखडत का होईना, उतरत गेली. एकशे दोनवर आली तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचा पांढरा कपडा धुऊन वाळत घातला.

आणि दुसऱ्याच दिवशी आकडा आला नऊशे.

तो लेकीच्याच लॅबचा प्रताप. बिघडलेल्या संगणकात अडकलेले जुने निकाल त्यांनी एकदम पाठवले होते. लॅबमध्येच तिला घरून जावयाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन, "आता बाबा काही खाली येत नाहीत!" ती पाय ओढत घरी निघाली. बाबांना कुठल्या तोंडाने समजवायचं, याची जुळवाजुळव वाटभर चालली होती.

अंगणाचं दार उघडलं आणि ती जागच्या जागी थबकली.

खुर्चीवर झिपरी, गळ्यात पांढरा कपडा. जावई आरसा धरून उभा, चेहऱ्यावर अजून शंका. आणि मागे बाबा, कात्री चालवत.

"बाबा, नऊशे..."

"अगं, टीव्हीवर आकड्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय ना! आठशे वीस जुने. बंद दुकान उघडलं कुणीतरी, रांग लागणारच. ते वजा केले. सरासरी सत्त्याण्णव." मग जरा घाबरून, "बरोबर आहे ना?"

लेकीने मनातल्या मनात पुन्हा भागाकार केला. बरोबर होता. तिला एकदम रडू आलं आणि हसूही.

बाबांचं लक्ष कात्रीपेक्षा नातीच्या चेहऱ्याकडेच होतं, त्यामुळे कपाळावरची बट वाकडी कापली गेली. जन्मात पहिल्यांदा. पण झिपरीने आरशाकडे पाहिलंच नाही. तिने मान वळवली, आजोबांना डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आजोबा, तू अख्खा आहेस!"