दुपारच्या पाण्याचं वकीलपत्र

त्या वर्षी आमच्या तलावात निम्मंच पाणी होतं आणि तलाव समितीत माणसं मात्र पूर्ण होती. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापली गरज सांगितली. बेरीज केली तर दोन तलाव लागत होते. सगळ्यांनी समजूतदारपणे फेरविचार करावा असं ठरलं. फेरविचारानंतर अडीच लागू लागले.

समितीच्या अध्यक्ष हेडबाई. जन्मभर शाळा चालवलेल्या. निवृत्त झाल्या तरी हजेरी घेतल्याशिवाय त्यांना खुर्चीत बसवत नाही. त्यांनी नवा नियम काढला. कोणीही स्वतःसाठी पाणी मागायचं नाही. प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचं तरी वकीलपत्र घ्यायचं आणि त्याच्या बाजूने भांडायचं. ज्याच्यासाठी भांडण चाललंय त्याच्या घरच्यांनी चकार शब्द काढायचा नाही.

मोठा तंटा दुपारच्या पाण्याचा होता. सकाळ-संध्याकाळचं पाणी सगळ्यांना. दुपारचं फक्त एका जागी जायचं, ते म्हणजे माझ्या मामीच्या लॉन्ड्रीला. त्या वर्षी ते नर्सरीवाल्या काकांनी त्यांच्या रोपांसाठी मागितलं.

मामी रुग्णालयाच्या चादरी धुते. सकाळी मळक्या येतात, संध्याकाळी घडी घालून परत जाव्या लागतात. दुपारचं पाणी गेलं की चादरी दुसरीकडे जाणार आणि लॉन्ड्रीत उरणार मामी, मामा, मी आणि गरम इस्त्री. मामी मशीनवर असते, मी इस्त्रीवर. मामा गल्ल्यावर असतो, म्हणजे गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर. किल्ली मामीकडे.

चिठ्ठ्या टाकल्या. लॉन्ड्रीचं वकीलपत्र नर्सरीवाल्या काकांकडे गेलं आणि नर्सरीचं मामाकडे.

मामीने मामाला दाराआड घेतलं. "उभं राहायचं, काहीतरी पुटपुटायचं, बसायचं. घरी करता तसं."

"घरी करतो तसं," मामा म्हणाला.

आधी काका उठले. "लॉन्ड्रीला पाणी लागतं," ते म्हणाले. "कपडे भिजवावे लागतात." आणि बसले. हरण्यात त्यांचा फायदा होता आणि ते मन लावून हरत होते.

मग मामा उठला. मामाने एखादं वाक्य पूर्ण केलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ते नेहमी मामी पूर्ण करते. सवयीने तो अर्ध्यावर थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. मामीला बोलायला बंदी होती. मामाने जपून वाक्य संपवलं. आभाळ कोसळलं नाही. त्याने लगेच दुसरं सुरू केलं.

"लॉन्ड्रीत चादर तीनदा खंगाळतात. दोनदा पुरे. तिसऱ्या वेळचं पाणी इतकं स्वच्छ असतं की मी त्यात चष्मा धुतो. मग ते जातं गटारात. का? तर मालकीणबाईंचं समाधान होत नाही. अध्यक्षबाई, त्यांचं समाधान कशानेच होत नाही, हे मी फार जवळून सांगतोय."

सभागृहात टाळ्या पडल्या. मामीने माझं मनगट धरलं होतं, ते मला अजून आठवतं, मनगटालाही आठवतं.

"आणि ती इवलीशी रोपं," मामा म्हणाला. त्याचा आवाज भरून आला. "त्यांना बोलता येत नाही. बोलता न येणं म्हणजे काय असतं ते मला विचारा."

मागच्या रांगेत कोणीतरी नाक शिंकरलं. पाणी एकमताने नर्सरीला गेलं. टाळ्या झेलत परत येताना अर्ध्या वाटेत मामाला आपण कोणाचे कोण ते आठवलं असावं, कारण तो आमच्या शेजारी न बसता दारापाशी जाऊन उभा राहिला.

घरी मामीने आवाज चढवला नाही. तिने दोनच ताटं घेतली. "वकीलसाहेब अशिलाकडे जेवतील," ती म्हणाली.

मामा खरंच गेला. आणि पोटभर जेवून आला, हे जास्त वाईट झालं.

निकालावर अपील करता येत होतं, पण वकील तेच राहणार होते. दुसऱ्या दिवशी मामी मला घेऊन नर्सरीत गेली. काका काळ्या पिशव्यांत माती भरत बसले होते.

"वाईट वाटलं हो, वहिनी," ते म्हणाले. "मी माझ्या परीने भांडलो."

"दिसलं. पण लोक म्हणतायत, माझ्या नवऱ्याने तुम्हाला वादात हरवलं."

"म्हणू देत की." काका हसले.

"माझ्या नवऱ्याने," मामी म्हणाली.

काकांचा हात मातीत थांबला.

"मी त्यांच्याशी रोज वाद घालते. ताप असला तरी जिंकते. त्यांच्याकडून हरलेला माणूस आजवर पाहिला नव्हता. म्हटलं, एकदा बघून यावं." तिने काकांना शांतपणे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चल रे," ती मला म्हणाली. "बघून झालं."

अपिलाच्या दिवशी काका कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. मामाने पुन्हा रोपांपासून सुरुवात केली. काकांनी हात वर केला.

"एकच प्रश्न. दुपारच्या उन्हात रोपांना पाणी कोण घालतं?"

"तहानेला काय वेळकाळ असतो?" मामा म्हणाला.

"पिशव्या काळ्या. पाणी तापतं, मुळं उकडतात. माझ्याकडे दुपारी कोणी रोपाला पाणी घातलं तर मी त्याला कामावरून काढतो."

मामा गडबडला, पण अशिलाला सोडेना. "मग टाकीत साठवू."

"टाकी सकाळीच काठोकाठ भरते. दुपारचं पाणी आलं तर सरळ वरून वाहून रस्त्यावर जाईल."

हेडबाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही... म्हणजे नर्सरीने हे पाणी मागितलंच कशाला?"

"लॉन्ड्रीला मिळत होतं म्हणून," काका छाती पुढे काढून म्हणाले. "दुसरं काहीही कारण नाही, बाई. नर्सरीवाल्याला मी लहानपणापासून ओळखतो."

ते विजयी चेहऱ्याने बसले. त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला.

हेडबाईंनी जागेवरच निकाल दिला. दुपारचं पाणी लॉन्ड्रीला. मात्र चादरी दोनदाच खंगाळायच्या आणि तिसऱ्या वेळचं पाणी तलावातच राहू द्यायचं. मामीने कुरकुर करायला तोंड उघडलं, नियम आठवला, मिटलं.

बाहेर पायऱ्यांवर मामा धावतच आम्हाला येऊन मिळाला. चेहरा नुसता फुलला होता.

"जिंकलो आपण," तो म्हणाला.

"आपण कुठले?" मामी चपला घालत म्हणाली. "तुम्ही हरलात."