आत्याचा मुराळी

लग्नाला सव्वीस वर्षं झाली तेव्हा माझे यजमान पहिल्यांदा मला म्हणाले, "तू ठरव."

यजमानांचं नाव हिरामण. तोंडाने घ्यायचं तर उखाणा लागतो, लिहिताना लागत नाही, म्हणून लिहिते. तोवर घरात मी फक्त भाजी कोणती करायची ते ठरवत आले होते. त्यातही गवार नको, दोडका नको, असा अर्धा निकाल आधीच लागलेला असायचा. आणि आता सासूला कुठल्या आश्रमात ठेवायचं ते मी ठरवायचं होतं.

"तूच सांभाळलंस तिला," हिरामण म्हणाले. "तुझ्याइतकी कोणाला कळते ती? दोन जागा हायेत, दोन्ही बघून ये. काय घेतात, काय देतात, सगळं विचार. तू म्हणशील तिथं ठेवू. पैशाचं बघू नको, तिच्याच मळ्याचे हायेत."

खरं सांगते, मला बरं वाटलं. माणूस किती थोडक्यात फुगतो.

माझी सासू भागीबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा होता, गुलाब, शेवंती, झेंडू. पहाटे तोडणी करून आत्या स्वतः पाटी घेऊन बाजारात बसायच्या आणि हारवाल्यांना रडवायच्या. मग एके वर्षी त्यांनी शेवंतीच्या न उमललेल्या कळ्या तोडून पाटी भरली. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच केलं, तेव्हा कोणी हसलं नाही. पुढे मळ्याचे प्लॉट पडले, आणि आत्या घरातच हरवायला लागल्या. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं. शेजारची झुंबरबाई म्हणाली, "नाव इंग्रजी हाय म्हणजे औषध नसणार." तिचं खरं निघालं.

दिवेलागण झाली की आत्या गाठोडं बांधायच्या. त्यात एक लुगडं, फणी, कधी खुरपं, एकदा माझ्या कुकरची शिट्टी. ते घेऊन फाटकाशी बसायच्या. मुराळी येणार म्हणून. पूर्वी सासुरवाशीण एकटी माहेरी जात नसे. तिला न्यायला भाऊ, नाहीतर माहेरचा कोणी यायचा, तो मुराळी. आत्यांचं माहेर घोटीचं. भाऊ केव्हाच वारलेला. पण तसं सांगितलं की त्या नव्याने रडायच्या, अगदी बातमी आत्ताच आल्यासारख्या. एकाच मरणाला माणसाने किती वेळा रडावं? म्हणून मी म्हणायची, "आत्या, निरोप आलाय. बैल दमलेत, मुराळी उद्या येतो. तोवर दोन घास खाऊन घ्या." मग त्या उठायच्या, खायच्या, झोपायच्या. वायरमन जसा रोज उद्या येतो, तसा आमचा मुराळी.

हिरामण ओट्यावर पेपर वाचत हे ऐकायचे. "लय भारी थापा मारतेस तू," म्हणून हसायचे.

हे दोन हजार पाच सालचं. थंडीत एका संध्याकाळी माझं लक्ष नसताना आत्या फाटकातून निघाल्या त्या थेट पेठ रोडला लागल्या. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचल्या. त्यांना ओढत घरी आणताना माझी कंबर धरली. त्यानंतरच हिरामणांनी आश्रमाचा विषय काढला. मी घाबरून विचारलं, "लताताई काय म्हणतील?" लता माझी नणंद, नाशिक रोडला राहते. दिवाळीत तिने चार माणसांत मला सुनावलं होतं, "वहिनी, आईला बाहेर ठेवायचं नाव काढलंत तर माझं माहेर तुटलं म्हणून समजा." मी नाव काढलंच नव्हतं. करंज्या तळत होते.

"तिला मी बघतो," हिरामण म्हणाले.

तर मी निघाले बघायला. दोन्हीकडे न सांगता, जेवणाच्या वेळेला गेले. टोपलीतला वरचा टोमॅटो बघून कोणी भाजी घेत नाही.

नाशिक रोडचा आश्रम म्हणजे भाड्याचा बंगला. खाटा वीस, बघायला बाया दोन, महिन्याला साडेतीन हजार. वरण पातळ होतं, पण गरम होतं, हे सांगायला हवं. बायकांचे केस पोरांसारखे कापलेले. "उवा होतात ना," तिथल्या मॅडम म्हणाल्या. नखं मात्र कोणाची कापलेली नव्हती.

गंगापूर रोडच्या आश्रमाचे सात हजार. तिथे डॉक्टर रोज यायचे, भिंतींना कठडे होते, मागे बाग होती. टीव्ही आवाज बंद करून लावलेला आणि त्याच्यासमोर माणसं ओळीने बसलेली. ते मला आवडलं नाही. सात हजारांत थोडा आवाज तरी द्यावा.

पण मला खरा प्रश्न एकच विचारायचा होता, आणि तो मी दोन्हीकडे विचारला. "संध्याकाळी घरी जायचं म्हणून बसल्या, तर काय करता?"

नाशिक रोडच्या मॅडम म्हणाल्या, "कडी लावतो. थोडा वेळ ओरडतात, मग दमतात. नाहीतर गोळी आहेच."

गंगापूर रोडच्या सिस्टर म्हणाल्या, "निघू देतो. कोणीतरी बरोबर चालतं. बागेला दोन फेऱ्या झाल्या की कुठे निघालो होतो तेच विसरतात, मग चहाला येतात."

माझं तिथेच ठरलं. घरी येऊन मी हिरामणांना सगळं सांगितलं, अगदी नखांपासून. त्यांनी मान डोलावत ऐकलं. "ठीक. तू म्हणशील तसं. गुरुवारी जाऊन एकदा विचारून ये, खाट कधी रिकामी होते ते. मी थांबतो आईजवळ. तू निवांत जा."

निवांत जा, हेही पहिल्यांदाच ऐकलं.

गुरुवारी गेले. एक तारखेला खाट मिळणार होती, म्हणजे पंधरा दिवसांनी. परत आले तर फाटकाशी झुंबरबाई उभी.

"अगं मीने, कुठं हिंडतीस? तुझी सासू गेली ना माहेरी!"

"कुठं?"

"माहेरी! मुराळी आला ना. फेटा बांधून, रिक्षा घेऊन. 'आक्का, घोटीहून आलोय, चला' म्हणाला. भागीबाई नव्या नवरीवानी लाजली बघ. मी म्हटलं, या वयात कुठला गं मुराळी? तर मला म्हणती, 'तुला नाय आला म्हणून जळतीस व्हय?'" आणि झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसली.

मी आत गेले. हिरामण बशीत चहा ओतून पीत होते.

"आत्यांना कुठे नेलं?"

"बस तर आधी."

"कुठे नेलं?"

"नाशिक रोडला. अगं, लता जवळ हाय, जाता-येता बघंल. आन निम्म्या पैशात. मला वाटलं होतं लय गोंधळ घालंल, पण अजिबात रडली नाय! लताच्या ओळखीचा तो गेणू रिक्षावाला, त्याला फेटा बांधला. तूच शिकवलंस की. रोज सांगायचीस ना, उद्या मुराळी येतो? आणला."

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तेच वाईट होतं. ते शाबासकीची वाट बघत होते.

घरातून भांडंकुंडं चोरीला गेलं असतं तर मी आरडाओरडा केला असता. हे माझ्या तोंडातून काढून नेलं होतं. त्यासाठी कसं ओरडायचं ते मला येईना. मी स्वयंपाक केला, वाढला, आणि सकाळी पहिल्या बसने नाशिक रोडला गेले.

मागच्या वेळी मी नाव सांगितलं नव्हतं; आज भागीबाईंची सून म्हटल्यावर मॅडमनी मला ओळखलं. "अहो, इतक्या लगेच कशाला आलात? रुळतील. तुम्हाला झेपत नव्हतं, आम्हाला माहीत आहे. हिरामणभाऊ तेव्हाच म्हणाले होते, 'बायको म्हणते आता नको.' म्हणून तर भाऊबीज असूनही आम्ही ऑफिस उघडलं."

"भाऊबीजेला?"

"हो, बहीण-भाऊ दोघं आले होते. तेव्हापासून जागा धरून ठेवलीय तुमची."

भाऊबीजेला हिरामण लताकडे ओवाळून घ्यायला गेले होते. मी त्यांच्याबरोबर करंज्यांचा डबा दिला होता. तेव्हा आत्या पेठ रोडला गेल्या नव्हत्या. माझी कंबर धड होती. मी काहीही म्हटलं नव्हतं. म्हणजे मी जेवणाच्या वेळा साधत, नखं बघत गावभर हिंडत होते, तेव्हा माल केव्हाच विकला गेला होता. पोरीने रडू नये म्हणून जत्रेतला तराजू हातात देतात, तसा मला दिला होता. आणि मी काटा डोळ्याला लावून तोलत बसले होते.

आत्या खाटेवर बसल्या होत्या, माझ्याच हातची वेणी अजून तशीच होती. "सोमवारी न्हावी येईल," मॅडम म्हणाल्या. मला बघून आत्या मागे सरकल्या.

"सासरहून आलीस का गं न्यायला? सांग त्यास्नी, आखाजीचा सण झाल्याबिगर येत नाय मी. कालच आलेय." मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, "आमच्या तिकडची हाय ही. कामाला लय चांगली."

सव्वीस वर्षांत तोंडावर कधी म्हणाल्या नव्हत्या.

मी मॅडमना म्हटलं, मी यांना घेऊन जाते. त्यांनी सांगितलं, ज्यांनी ठेवलं त्यांची सही लागते, सुनेची चालत नाही. तेव्हा मी तिथूनच हिरामणांच्या मोबाइलवर फोन लावला.

"राहू दे ना चार दिवस," ते म्हणाले. "खूश हाय का नाय ती?"

"आहेत."

"मग?"

"मग येऊन बघा. संध्याकाळी या. मी इथेच बसलेय."

दिवसभर मी दाराशी खुर्चीवर बसले. आत्या खरंच मजेत होत्या. दुपारी वरणभात जेवल्या, घोटीच्या भातासारखा नाही म्हणाल्या, पण जेवल्या. मला वाटायला लागलं, माझंच चुकतंय की काय. मग दिवे लागले. आत्यांनी पलंगावरची चादर ओढली, त्यात फणी बांधली आणि जाळीच्या दाराशी आल्या.

"दार उघडा बाई. दिवेलागण झाली. घरी सून एकटी हाय."

"आत्या, मी इथेच आहे."

"तू नाय गं. माझी सून. तिची कंबर धरलीय, तिला पाणी कोण काढून देईल? तू आमच्या तिकडची हायेस, तुला ठाऊक हाय. सांग ना यांना!"

तिथल्या बाईने कडी सरकवली. तिला तरी काय म्हणू, अजून बरीच ताटं वाढायची होती. आत्या जाळी धरून हलवायला लागल्या. तेवढ्यात हिरामण आले आणि माझ्यामागे उभे राहिले.

"आई," ते म्हणाले.

"बाबा, तू तरी कडी काढ," आत्या त्यांना म्हणाल्या.

ते लगबगीने ऑफिसात गेले. चांगली वळणदार सही केली.

रिक्षात आत्या आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या आणि द्वारका चौक येईपर्यंत झोपी गेल्या.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" हिरामण म्हणाले. "एक तारखेला गंगापूर रोडलाच नेऊ. तू म्हणशील तसं."

"भाऊबीजेला मी काय म्हटलं होतं?"

ते बाहेर बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "अगं, मुलानं आईला ठेवली म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतील. लता म्हणाली, सुनेचं तसं नसतं. सुनेला थोडं चालतं."

मी आत्यांचं घसरलेलं डोकं खांद्यावर नीट घेतलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

फाटकाशी रिक्षा थांबली. झुंबरबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. आणखी दोघीतिघी होत्याच. "आं? एका दिवसात परत? माहेर आवडलं नाय का, भागीबाई?"

हिरामण मोकळेपणाने हसले. "काय करता झुंबरबाई, हिला करमेना सासूवाचून."

सगळ्या हसल्या. कौतुकानेच हसल्या. किती सोयीचं वाक्य होतं. पंधरा दिवसांनी आत्यांना गंगापूर रोडला नेतील तेव्हा दुसरं असेल, हिला झेपेना. दोन्ही वाक्यांत हिरामण कुठेच नव्हते.

नवऱ्याचं बोलणं चारचौघांत खोडायचं नाही, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मी आत्यांना रिक्षातून उतरवलं आणि त्यांचा हात धरूनच बोलले.

"झुंबरबाई, आत्या माहेरी गेल्या नव्हत्या. नाशिक रोडच्या आश्रमात होत्या. ह्यांनी ठेवलं होतं. भाऊबीजेलाच जागा धरली होती, ह्यांनी आणि लताताईंनी. मी नको म्हटलं असं सांगून. आता एक तारखेला गंगापूर रोडला जातील. ती जागा मी बघितलीय, चांगली आहे. पण ठेवणार हेच, त्यांचा मुलगा. कोणी विचारलं तर असं सांगा."

झुंबरबाईचा हात सुपात थांबला. हिरामण रिक्षावाल्याला पैसे देऊन चपला न काढता घरात गेले.

आत्या म्हणाल्या, "भूक लागली."

आतून हाक आली. "मीने, आत ये. लोक बघतायत."

बघू देत म्हणूनच मी बाहेर उभी होते.