वाकड्या रेघांतला हात

मित्रांनो, मी एक जुना एक्स-रे आहे. पण मला दवाखान्यात शोधू नका. हल्ली माझा मुक्काम शहापुरात, नीलमच्या चित्रकलेच्या वहीत असतो आणि सगळे मला स्टेन्सिल म्हणतात.

नीलमचे वडील परशराम मागावर साड्या विणतात. एकदा त्यांचा हात मागात सापडला, तेव्हा माझा जन्म झाला. डॉक्टरांनी मला उजेडासमोर धरून किती निरखलं! त्या दिवशी माझा भाव चांगलाच वधारला होता. हाड जुळलं, करंगळी तेवढी वाकडी राहिली. मग मला कोण विचारतो? कपाटामागे धूळ खात पडलो.

एक दिवस सुहास सरांनी चित्रकलेच्या तासाला सांगितलं, की पुठ्ठ्याचं स्टेन्सिल रंगानं भिजतं, घरातला जुना एक्स-रे आणा. नीलमनं मला बाहेर ओढलं आणि माझ्यातल्या हाताच्या कडेनं कटर फिरवला. माझ्यात हाताएवढं भोक तेवढं उरलं. मला मोठं कुतूहल वाटलं. या भोकातून ही पोरगी काढणार तरी काय?

तिनं मला कागदावर ठेवून भोकाच्या कडेनं पेन्सिल फिरवली. मग आडव्या रेघा ओढायला घेतल्या. कागदावर सरळ, हातावर आली की कमानीसारखी वाकडी, पुढे पुन्हा सरळ. सुरुवातीला मला काही उमगेना. कागद भरत आला आणि मी दचकलोच. हात कागदातून वर आला होता!

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रदर्शन होतं. नीलमचं चित्र पहिल्यांदाच तिथे लागणार होतं. ती रंगीत पेनं आणायला मैत्रिणीकडे गेली आणि इकडे परशराम कामावरून आले. चित्रावर वाकून ते चुकचुकले. धागा जरा तिरका गेला की माग थांबवणारा माणूस तो, त्याला या रेघा बघवणार कशा? शाळेत पोरीची शोभा होऊ नये, म्हणून त्यांनी पांढऱ्या रंगानं साऱ्या कमानी झाकल्या आणि पट्टी लावून रेघा सरळ केल्या. अगदी मन लावून केल्या! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

नीलम आली. "आप्पा, हे कुणी केलं?"

"मीच की. रेघा लई वाकड्या गेलत्या. समद्या सरळ केल्या बघ."

"अवो, हात गेला की सगळा!" म्हणत ती रडायलाच लागली.

कुठला हात, तेच परशरामना कळेना. नीलमनं डोळे पुसले, नवा कागद घेतला, मला त्यावर ठेवून आप्पांना तळव्यानं दाबून धरायला लावलं आणि पेन्सिल फिरवली. पुन्हा सरळ, वाकडी, सरळ. करंगळीची जागा तेवढी तिनं मोकळी सोडली. "आता मागं सरून बघा."

परशराम मागे सरले आणि बघतच राहिले. "आगं, हा तर माझाच हात हाय!"

"व्हय. करंगळी तुम्हीच काढा."

"मला वाकडं जमत न्हाय गं."

"जमतंय. पेन उचलू नका फक्त."

त्यांनी पेन टेकवलं आणि न उचलता ओढत नेलं. करंगळी जरा जाडच झाली, पण वर आली. मला इतका आनंद एक्स-रे असताना कधीच झाला नव्हता.

प्रदर्शनात लोक चित्राला नाक लावून बघत होते. परशरामनी हळूच कागद चाचपला. सपाट! ते मागे सरले, तर हात पुन्हा वर. मग त्यांना राहवेना. "जवळनं न्हाय वो, हितनं बघा," असं ते येईल त्याला सांगत होते.

मित्रांनो, काम झालं की आमच्या कडांचा रंग पुसत जा. तो वाळला की आमचा आकार बिघडतो. आणि कुणाची रेघ वाकडी दिसली, तर पट्टी आणण्याआधी त्याला एवढं विचारा, की बाबा रे, तू काय काढतोयस?